अठरानं गुणायचं

"बारा क्या? बारा बैंगन?"

उत्तराच्या जागी कुणी नुसता आकडा लिहिला की ताई त्यापुढे लाल पेनानं एक रिकामा गोल काढायच्या आणि भर वर्गात हे विचारायच्या. कुवेतमध्येच जन्मलेली मुलं हसायची. "ग्रॅम्स, मॅम." तो गोल म्हणजेच शून्य गुण, हे पेपर हातात पडल्यावर कळायचं. अशा शिक्षिका तुम्हीही पाहिल्या असतील. मुलं त्यांना घाबरतात आणि पुढे त्यांच्याच गोष्टी सांगतात.

कुवेतच्या सलवा भागातल्या आमच्या शाळेत मराठी अशा आम्ही दोघीच. त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी गणित. दोघी महबूल्यात राहायचो, त्यामुळे शाळेच्या गाडीत शेजारी बसायचो. ताई मूळच्या लातूरकडच्या. मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान राई भागातल्या एका गोदामात हिशेब बघायचे. मोठे गमतीचे गृहस्थ. मला म्हणायचे, "आमच्या घरात 'चिमूटभर मीठ घाल' म्हणायची सोय नाही. लगेच विचारते, चिमूट कुणाची?"

यजमानांना मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं. साखर तपासायचं यंत्र ताईंनी इथल्याच औषधाच्या दुकानातून घेतलं होतं. इथल्या यंत्रावर साखर मिलिमोलमध्ये दिसते, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. इथल्या आकड्याला अठरानं गुणलं की तिकडचा आकडा येतो. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते गावी निघाले, तेव्हा ताईंनी माझ्यासमोर बजावलं होतं.

"तिकडच्या डॉक्टरला नुसता आकडा सांगू नका. अठरानं गुणायचं."

"पाठ आहे गं," ते म्हणाले.

ते गावी असताना एके दिवशी शाळेत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. परीक्षेच्या वेळी फोन स्टाफरूमच्या कपाटात ठेवायचा नियम. ताई दुपारी कपाट उघडायला आल्या तेव्हा मी तिथेच होते. सकाळपासून गावाकडून फोन येऊन गेले होते. त्यांनी उभ्याउभ्याच लावला. शेजारच्या गुरुजींनी उचलला. यजमानांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं, शुद्ध नव्हती. ताई संध्याकाळच्या विमानानं निघाल्या. त्या पोचण्याआधीच सगळं संपलं होतं.

दिवस करून त्या परतल्या आणि पुन्हा गाडीत माझ्या शेजारी बसू लागल्या. एका सकाळी, मी काही विचारलेलं नसताना, त्या बोलायला लागल्या.

"आईंनी मला सगळं सांगितलं. प्रवासात यांचं इन्सुलिन चुकलं होतं. मग ताप, उलट्या, एकदम गळून गेले. यंत्र लावलं. आईंच्या डोळ्याला पट्टी, म्हणून आकडा गुरुजींनी वाचला. बावीस."

मी त्यांच्याकडे वळले.

"गुरुजींना स्वतःला मधुमेह आहे. सत्तरच्या खाली गेलं की साखर द्यायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. बावीस म्हटल्यावर ते घाबरलेच. आईंनी साखरपाणी केलं आणि दुपारपर्यंत पाजत राहिल्या. चमच्याचमच्यानं."

इथले बावीस म्हणजे तिकडचे जवळजवळ चारशे. मला हिशेब करावा लागला नाही.

"आणि ते? त्यांना तर माहीत होतं," मी म्हटलं.

"बोलण्यासारखे राहिले नव्हते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"साखर फार चढली होती म्हणाले. आईंना वाटतं, आधी उतरली, मग चढली. देवाची मर्जी."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुमच्या हातानं गेला म्हणून?"

त्या रडल्या नाहीत. थंडीचे दिवस होते, काचेवर आतून वाफ धरली होती. शाळा येईपर्यंत त्या रुमालानं ती पुसत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

नवं शालेय वर्ष सुरू झालं. मापन आणि एककं हा धडा अगदी सुरुवातीलाच येतो. ताईंनी तो शिकवला, चाचणी घेतली आणि एका मुलीला शून्य दिलं. तिचे वडील प्राचार्यांकडे आले. आम्हा दोघींना त्या वर्गाच्या शिक्षिका म्हणून बोलावलं होतं.

"मॅडम, नंबर तो सही है ना? सिर्फ युनिट छूट गया," ते नम्रपणे म्हणाले.

"तो फिर जवाब नहीं है," ताई म्हणाल्या.

"इतनी छोटी बात के लिए?"

प्राचार्य म्हणाले, अर्धा गुण देऊन टाका. ताईंनी पेपर टेबलावर ठेवला आणि त्या उठून गेल्या. गुण प्राचार्यांनीच वाढवले. त्यानंतर ताई वर्गात वांग्यांचं विचारीनाशा झाल्या. गोल तेवढे काढायच्या.

वर्ष संपताच त्यांनी राजीनामा दिला. "आई एकट्या आहेत," एवढंच कारण सांगितलं. त्यांच्या जागी आलेला तरुण मास्तर चांगला आहे. तो राईजवळ राहतो, आमच्या गाडीनं येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी जाऊन आले. ताई बारीक झाल्या होत्या. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. ताई चहाला आत गेल्या तशी म्हातारीनं माझा हात धरला.

"तुमी बी मास्तरीनच ना? मग तुमीच सांगा माय. म्या लेकराला सकाळधरनं चमच्यानं साखरपानी पाजलं. साखर उतरली व्हती त्याची. अजून काय करावं मानसानं? बराबर केलं का न्हाई?"

ताई कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"बरोबर केलंत, आई," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून तोंडात काहीतरी गेलं त्यांच्या."

म्हातारीनं हात सोडला आणि चहा बशीत ओतला.

एसटीच्या थांब्यावर ताई सोडायला आल्या. मी विचारलं, "असं किती दिवस म्हणत राहणार?"

"त्या विचारतात तोवर."

"पुष्कळदा विचारतात?"

"रोज," ताई म्हणाल्या.

गाडीला अजून वेळ होता. पण सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते, म्हणून त्या थांबल्या नाहीत.