तोफेवर चिकटलेला अंगठा

मंडळी, मी या ग्रुपवर नुसती वाचणारी. आणि खरं सांगू? वाचून हसणारी. कोणाला चकवा लागतो, कोणाला झाडावर बाई दिसते... मी म्हणायचे, रिकामटेकडे मेले! आमच्यासारखं दिवसभर उन्हात भंगार निवडा, म्हणजे भूत समोर आलं तरी त्याला म्हणाल, बाबा रे, जरा हा पत्रा धर. आजही माझा भुताखेतांवर विश्वास बसलाय असं नाही. पण जे झालं ते माझ्या डोक्यात मावत नाही, म्हणून लिहितेय. कोणी समजावून सांगितलंत तर बरं होईल.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे, राहतो सुरतेत, बमरोलीला. मी आणि माझा धाकटा भाऊ सुनील, दोघंही सुरतेजवळच्या सचिन गावच्या जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका भंगाराच्या यार्डात कामाला आहोत. मी लोखंडातून तांबं-पितळ वेगळं काढते, तो गॅस कटरने मोठे तुकडे कापतो. आई गेली तेव्हा तो हाफ चड्डीत होता, त्याला मीच वाढवलंय. गेल्या उन्हाळ्यात त्याला मुलगी झाली. त्याच्या कटरची ठिणगी उडाली की माझा जीव अजूनही खाली-वर होतो.

आमच्याकडे एक नियम आहे – बंद टाकी, बंद सिलिंडर कटरला द्यायचा नाही. आधी उघडायचं, आत पाणी भरायचं, मगच ज्योत लावायची. आत काय राहिलंय कोणाला माहीत!

तर नवरात्राच्या सुमारास बाहेरदेशच्या भंगाराचा कंटेनर रिकामा झाला आणि त्यातून निघाली एक तोफ. माझ्या उंचीपेक्षा लांब, गंजलेली, तोंडात चिखल वाळून बसलेला. आमची सगळी खान्देशी मंडळी धावली. "महाराजांची तोफ!" कोणी चपला काढल्या, कोणी कपाळ टेकवलं.

शेठ सुरतचेच. ते पोट धरून हसले. "अरे भाई, तुमचे महाराज इथून घेऊन गेले, ठेवून थोडे गेले? हा माल अमेरिकेचा आहे!"

पण ऐकतं कोण! महाराजांच्या तोफेला ज्योत लावायची म्हणजे पाप. शेवटी असं ठरलं की खंडेनवमीला नाही तरी कटर, हातोडे, वजनकाटा यांची पूजा करतोच, त्यातच तोफेची पूजा करायची, नारळ फोडायचा, माफी मागायची आणि मग कापायची. तोफ ती, तिला तोंड आहे, म्हणजे ती काही बंद वस्तू नाही... नियम कोणाला आठवलाच नाही. मलाही नाही.

दुपारची वेळ. लख्ख ऊन. हायड्राने, म्हणजे आमच्या क्रेनने, तोफ उचलून, तोंड जरा वर करून ढिगाला टेकवली होती. पूजेला मोठी बाई म्हणून मी. हळद लावली, फूल ठेवलं. मागच्या जाड बाजूला वरती एक छोटं भोक होतं, बत्ती लावायचं. त्यावर कुंकू वाहिलं तर ते आत गेलं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, लक्षात ठेवा. मग त्याच्या कडेची माती पुसायला डाव्या हाताचा अंगठा ठेवला.

आणि अंगठा ओढला गेला.

म्हणजे कसं सांगू... सायकलच्या पंपाला खालून बोट लावल्यावर होतं ना, तसं. आतून वारा ओढत होता, मग ढकलत होता, आणि ढकलायचा तेव्हा गरम लागायचा. मी घाबरले, हात काढायला गेले, तर माझ्याच मनात आलं – उचलू नकोस. तोंडापाशी आपलं माणूस उभं आहे, अंगठा उचललास तर ते जाईल. तोंडापाशी कोणीही नव्हतं हो! सुनील तर माझ्या मागे कटर घेऊन उभा.

"ताई, बाजूले सर ना वं. मले काम शे."

"अंगठा निंघत नही ना भो!"

"येडी व्हई गयी का? काय करी ऱ्हायनी तू?"

सगळे हसायला लागले. मला रडू फुटलं, आणि त्या रडण्यातच मी ओरडले, "पाणी टाक! तोंडात पाणी टाक आधी!" का म्हणाले, मला नाही माहीत. बहिणीचं नाटक संपावं म्हणून सुनीलने चिडून पाण्याचा पाइप तोफेच्या तोंडात खुपसला. पाणी भरून वाहायला लागलं तेव्हा माझा अंगठा सुटला.

चिखल भिजला, तसा त्याने सळईने उकरला. हायड्राने तोंड खाली केलं. आधी गाळ पडला, मग कुजलेलं फडकं, मग लोखंडाचा गोळा धप्पकन जमिनीत रुतला. आणि त्याच्यामागून काळा राडा. वास आला फटाक्यांचा.

सुनील जिथे ज्योत लावणार होता, बरोबर तिथेच तोफेची दारू भरलेली होती. मी त्याला आधी दोन रट्टे दिले आणि मग जवळ घेतलं.

शेठने पोलिसांना बोलावलं. त्यांच्या बॉम्बशोधक पथकातले एक साहेब म्हणाले, ही तिकडच्या यादवी युद्धातली असावी, एकाच देशातले लोक आपसांत लढले तेव्हाची. मी अंगठ्याचं सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, या तोफांवर एका माणसाचं कामच ते होतं. पुढचा गडी तोंडातून ओलं फडकं घालून नळी साफ करायचा, तोवर मागच्याने त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा. त्याने अंगठा उचलला, आत वारा गेला, तर राहिलेली ठिणगी पेटून पुढचा गडी जायचा.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं, बेन?"

कोणी सांगणार? मला कुकरची शिट्टी कळते, तोफ कुठून कळणार!

मग ते भोक बघायला गेले आणि हसले. म्हणाले, "पण इथे भोक कुठे आहे?" भोकात खिळा ठोकलेला होता. पळून जाणारे सैनिक असा खिळा मारायचे, म्हणजे तोफ दुसऱ्याच्या कामाला येऊ नये. तो इतका जुना की गंजून तोफेशी एक झालेला. सुई जाणार नाही. पण मी वाहिलेलं कुंकू वर कुठेच नव्हतं, ते आतच गेलं होतं.

सुनील म्हणतो, ऊन होतं, लोखंड तापलेलं, तुला भोवळ आली. आणि पाणी भरायचा नियम तुझ्या तोंडून सवयीने निघाला. असेलही. मीही स्वतःला तेच समजावते. पण मग अंगठ्यावरचा हा गोल डाग? फोड आला, गेला, डाग राहिला. रेशनच्या मशीनवर डावा अंगठा लागत नाही आता. मशीनवाला म्हणतो, मावशी, रेषाच नाहीत.

ती तोफ पथकाने नेली. पुढे काय झालं, आम्हाला कळलं नाही. त्या भोकावर अंगठा धरणारा माणूस कोण, त्याच्या पुढे कोण उभं होतं, त्याने अंगठा धरला की उचलला... हे प्रश्न मला भाकरी थापतानाही पडतात.

एवढं मात्र खरं. माझी चेष्टा करणारा माझा भाऊ हल्ली कुठल्याही मालाला ज्योत लावायच्या आधी थांबतो, यार्डाच्या या टोकाला माझ्याकडे बघतो. मी डावा अंगठा वर करून दाखवते – थंड आहे. मगच तो कटर पेटवतो.