अळूच्या वाफ्यातला दर्या

माझी आई वारल्यानंतर बरीच वर्षं आमच्या घरामागे थुंकत असे. घर दोह्यातलं, मदिनत खलीफा भागातलं. ती हयातीत कधी कतारला आली नाही. विमान लांबून पाहिलं तरी ती घरात शिरायची. पण दुपारी सगळे ऑफिसला, शाळेला गेले की मागच्या अळूच्या वाफ्याकडून आवाज यायचा. आधी घसा खाकरल्यासारखा, मग थुक्. मी भांडी विसळता विसळता म्हणायची, "ऐकलं गं, ऐकलं."

एसीच्या नळीचा आवाज होता तो, मला काय कळत नव्हतं? नळीत पाणी तुंबायचं आणि मध्येच पिचकारी मारून बाहेर पडायचं. पण ती नळी थुंकायची अगदी आईसारखी. रागानं नाही, नुसतं तोंडातलं नको ते टाकून द्यावं तसं.

आईचं थुंकणं समजायचं तर आमचं गाव सांगायला हवं. कोकणात खाडीच्या मधोमध एक जुवं, म्हणजे बेट. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये आमची भातखाचरं. खाचरांना मातीचा बांध आणि बांधाला एक लाकडी झडप, तिला उघाडी म्हणायचे. भरतीला फळी खाली, ओहोटीला फळी वर. पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडायचं, मातीतलं मीठ त्यात उतरू द्यायचं आणि ओहोटी लागली की ते पाणी बाहेर सोडायचं. असं करत करत जमीन गोडी व्हायची. झाली की नाही ते आई जिभेवर ठरवायची. चिमूटभर माती तोंडात, डोळे मिटलेले, आणि मग थुक्. "अजून दर्या हाय हिच्यात," म्हणायची. ज्या दिवशी "ग्येला" म्हणेल, त्या दिवशी मोड आलेलं बियाणं चिखलात फेकायचं.

मी शाळेत असताना भादव्यातल्या उधाणाला उघाडीची कुजकी फळी तुटली. भर दुपारी. दर्या काही घाईनं आला नाही. आपल्याच घरात यावं तसा आला. पोटरीवर आलेल्या भातात मासे उड्या मारत होते आणि मी परकर खोचून ते पकडत होते. टोपली भरली म्हणून आईला दाखवायला नेली, तर ती बांधावर बसलेली. पाण्याकडे बघत नव्हती, मासळीकडेही नाही. बांधाला पडलेल्या भोकाकडे बघत होती. मी टोपली पुढे धरून म्हटलं, "बघ की, केवढे!" इतकी हुशार मुलगी मी. संध्याकाळी ते मासे चवीनं खाल्लेही.

बांध पुन्हा घातला, पुन्हा फुटला. माणसं उठून गेली, खाचरांत खारफुटीची तिवरं उगवली. आई मात्र शेवटपर्यंत राहिली. दर वर्षी पावसाच्या अखेरीला ती तिवरांत उतरायची, चिमूटभर चिखल तोंडात घालायची, थुंकायची आणि घरी यायची. पेरायला कुणी उरलं नव्हतं, तरी.

तिच्या परसातल्या काळ्या देठाच्या अळूचे गड्डे मी तेराव्यानंतर तिच्याच लुगड्यात गुंडाळून दोह्याला आणले. आता त्या परसातही भरतीचं पाणी येतं. म्हणजे ते अळू राहिलं असेल तर फक्त आमच्या घरामागे.

त्या वेळची मी म्हणजे काय विचारता. बी.एस्सी. बॉटनी, नवरा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लान्टवर इंजिनिअर. आधी दोह्यातच अल नस्र भागातल्या फ्लॅटमध्ये राहत होतो तेव्हा कुणी गाव विचारलं की "रत्नागिरी साइड" म्हणून वेळ मारून नेणारी मी, अळू आणल्याबरोबर एकदम बेटवाली झाले. वाफ्याला चारी बाजूंनी सिमेंटच्या ब्लॉकचा बांध घालून घेतला, आतून गिलावा. खाली कतारचा कातळ. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मागे नेऊन दाखवायची आणि सांगायची, की माझ्या बापाचा बांध फुटला, माझा फुटणार नाही. पाणी घालायची कंपाउंडातल्या बोअरचं, चवीला मचूळ. नळाचं गोडं पाणी मातीत ओतायला हात धजायचा नाही. आमच्या जुव्यावर पिण्याचं पाणी होडीनं यायचं. आणि उघाडी मात्र मी ठेवली नाही. बांधाला भोक म्हटलं की मला आईची ती नजर दिसायची.

काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल, मीच तेवढी ओळखू शकले नाही. मचूळ पाणी आत जायचं, ऊन पाणी तेवढं उचलून न्यायचं, मीठ जागच्या जागी. जिथे दर्याचा पत्ता नाही तिथे मी दर्यासाठी बांध घातला आणि थेंबाथेंबानं त्याला आत कोंडत बसले. त्या वेळची ती बाई आज भेटली तर मी रागावणार नाही. बसवून चहा देईन. चहात चमचाभर मीठ घालून.

गंमत म्हणजे अळू जगलं. सगळ्या वाफ्यात नाही. माती पांढुरकी होत गेली. पण घराच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे आई थुंकायची तिथे, पानं सुपाएवढी. बॉटनीवालीनं यातून काय निष्कर्ष काढावा? तर आईचा हात आहे. नवरा वारल्यावर मी त्या कोपऱ्याशी गप्पाही मारायला लागले. चुकीच्या माणसाशी नव्हत्या, असं अजूनही वाटतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुलानं जुने एसी काढून नवे बसवले. काम एकदम नीटनेटकं. नळी भिंतीवरून वळवून थेट गटाराच्या जाळीत. दुसऱ्या दुपारपासून थुक् बंद. मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची. घर इतकं गप्प असतं हे मला ठाऊक नव्हतं. मग कोपऱ्यातल्या पानांच्या कडा करपायला लागल्या, आधी सुईएवढ्या, मग बोटभर.

त्यात बातमी आली की घरमालकाला व्हिला पाडायचाय. मुलानं द पर्लमध्ये फ्लॅट ठरवला, थंडीत जायचं. मी एक गड्डा उकरून पाहिला. हातात आला तो मऊ, कुजका. थंडीपर्यंत एक जरी धड गड्डा निघाला नाही तर आईच्या परसातलं काही म्हणजे काही उरणार नव्हतं. नात म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अळू." पोरगी माझ्यावरच गेलीय, टोपली घेऊन मासे पकडायची वेळ आहे तिची.

ऑगस्टात दोह्याची हवा पिळून काढावी इतकी ओली असते. अशाच एका सकाळी सून मागे कपडे वाळत घालत होती. पुण्याची आहे, तिला सगळं जागच्या जागी लागतं. तिनं विचारलं, की गटाराच्या जाळीभोवती गवत माजलंय, उपटून टाकू का. मी जाऊन पाहिलं. फरशीच्या फटीतून हिरवंगार गवत, आणि त्यावर नव्या नळीचं पाणी ठिबकतंय. मी थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला.

"आई, शी," सून म्हणाली.

कसलीच चव नव्हती. समुद्रावरून आलेली ती ओली हवा, मीठ मागे समुद्रातच ठेवून आलेली, आमच्या एसीत थंड होऊन गळत होती. जुव्यावर ज्यानं आमचं सगळं नेलं, तोच दर्या इथे कोपऱ्यात थेंबथेंब परत देत होता, आणि आम्ही ते गटारात सोडलं होतं. त्या दुपारी नळीखाली बादली लावली.

पण पाणी नुसतं ओतून काय होणार? मीठ त्यात उतरेल आणि बांधाच्या आत बसून राहील. सून सरळ म्हणाली, की मग खालून भोक पाडू या. मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, मी कंबर धरून बसले. कंबरेला काही झालं नव्हतं. शेवटी शुक्रवारी तिनं छिन्नी-हातोडी आणून माझ्यासमोर ठेवली, तेव्हा मी तिला ती दुपार सांगितली. टोपली, मासे, बांधावरची आई. इतक्या वर्षांत नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

तिनं छिन्नी-हातोडी परत उचलली. मग पायजमा वर खोचून बांधाच्या बाहेर उकिडवी बसली.

"आत काही आलंच, तर आधी मी बुडेन," म्हणाली. "यल्ला, चला आई, तुम्ही बादली धरा."

भोक पडलं. मी वरून पाणी ओतलं आणि जीव मुठीत धरून भोकाकडे बघत राहिले. बराच वेळ काही नाही. मग गढूळ पाण्याची एक धार बाहेर आली आणि फरशीवरून गटाराकडे निघाली. मी खाली वाकून भोकावर तळहात धरला. आत काहीच येत नव्हतं. सगळं बाहेरच जात होतं. तरी मी हात काढला नाही, सून हसेपर्यंत.

ते पाणी वाळलं तिथे फरशीवर पांढरा पट्टा उमटला. रोज बादल्या ओतायच्या आणि पट्टा बघायचा. ओली हवा होती तोवर आम्ही ते करत राहिलो आणि पट्टा फिका होत गेला. मुलानं नळीही परत कोपऱ्यात वळवून दिली. पण नवी नळी थुंकत नाही, नुसती ठिबकते. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दुपारी वाफ्यातली चिमूट तोंडात घालायची, डोळे मिटायचे. पहिल्यांदा थुंकले तेव्हा माझी मीच दचकून मागे वळून पाहिलं.

हिवाळ्यात उकरलं तेव्हा कोपऱ्यातून दोन गड्डे निघाले. एक पिचका. एक घट्ट, बाजूला कोंब आलेला.

द पर्ल म्हणजे समुद्रात भर घालून केलेलं बेट. शाळेत जलचक्र शिकवतात तसं सगळं फिरून पुन्हा बेटावर आले मी, फक्त लिफ्टनं. बाल्कनीत त्या घट्ट गड्ड्यासाठी कुंडी ठेवली. त्याआधी ती उलटी करून बुडाच्या भोकात बोट घालून पाहिलं. खाली समुद्र पसरलाय, गुळगुळीत, बांधाशिवाय. संध्याकाळी मी त्याच्याकडे पाठ करून बसते.

परवा पहिलं पान उलगडलं, कडा धड. मी पाणी घातलं आणि खालच्या बशीत निथळलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. सून दारात उभी होती. तिनं "शी" म्हटलं नाही.

"गेला का?" तिनं विचारलं.

मी डोळे मिटून चव घेत राहिले. घसा खाकरला, पण थुंकले नाही.

"आहे थोडा," मी म्हटलं. "एवढा राहू दे."