उंबराची नाडी

डबा संपवून पाटणकर उंबराच्या खोडाला टेकतात आणि भर दुपारी दीड वाजता डोळे मिटणं हा सरकारी कामाचाच भाग वाटू लागतो. ते महापालिकेचे वृक्ष निरीक्षक. उंबर रस्तारुंदीत आडवा आला म्हणून मुळासकट उचलून या नव्या वसाहतीच्या कोपऱ्यात रोवलेला. चार महिने झाले, एक पान नाही. बिल्डरच्या इंजिनीयरने पंचनामा टाइप करूनच आणलाय: 'झाड मृत'. दोन वाजता सही झाली, की खोड जाणार आणि पार्किंग येणार.

"सरका जरा, साहेब."

शेजारी त्यांच्याच खात्यातला सावळाराम मुकादम टेकतो. त्याला जाऊन तीन वर्षं झालीत. पाटणकर सरकतात.

"तिकडं कसं काय, मुकादम?"

"गारवा हाय. आपण नुसती कागदावर लावलेली झाडं समदी तिकडंच उगवल्यात."

उंबर आता महापालिकेच्या जिन्यात उभा आहे. प्रत्येक पायरीवर एकेक पाहुणा, हातात रोप, गळ्यात हार. रांग एका खड्ड्यापाशी येऊन थांबते.

"गेल्या साली हाच होता ना?"

"धा सालामागं बी हाच. अनुभवी खड्डा हाय."

पाटणकरांना हसू येतं, पण पुरतं येत नाही. "मुकादम, हा उंबर मेला. मला सही करावी लागणार."

"कुणी बघितलं?"

"इंजिनीयरनं."

"कुठनं?"

"गाडीतून."

"मी मेलो तवा डाक्टरनं नाडी तरी धरली व्हती, साहेब."

जिना नाही, रांग नाही. मुकादम पाटणकरांचा अंगठा धरून सालीवर टेकवतो. त्याचा तळवा कुठे संपतो आणि साल कुठे सुरू होते, कळत नाही.

"लावा नख. जोर लावा, कागद न्हाई त्यो."

"साहेब! अहो, दोन वाजले!"

समोर इंजिनीयर, हातात पंचनामा आणि टोपण काढलेलं पेन. शेजारी कुणी नाही. पाटणकर कागद घेतात, तो अंगठ्याला चिकटतो. नखात हिरवं. मागे खोडावर ताजा ओरखडा, त्यातून पांढरा चीक ओघळतोय.

पाटणकर 'मृत' खोडतात, वर 'जिवंत' लिहितात आणि सही ठोकतात.

"साहेब, पण पान कुठंय?"

"येईल. तोवर पाण्याचा पाइप आणा."

इंजिनीयर कागद ओढतो. अंगठा सोडत नाही.