शेवटच्या रांगेतल्या पाळकीणबाई

आमच्या पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, उपासनेला पुढच्या बाकावर कधी बसल्या नाहीत. त्यांची जागा शेवटच्या रांगेत, दाराला लागून. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की कुणीतरी हळूच उठे. बाई बसल्या जागेवरून त्याचा सदरा धरत. "बस रं बाबा. मला तर ह्योच घरीबी ऐकावा लागतोय."

साताऱ्याच्या कडेला आमची वस्ती होती. घर म्हणजे एक खोली; चूल, आजारपण, भांडण सगळं तिथंच. माझी आणि शेजारच्या जुलेखाची मॅट्रिक जवळ आली, तेव्हा पुस्तक उघडायला जागा नव्हती. नापास झालो तर शाळा बंद आणि लग्न, हे दोन्ही घरांत ठरलेलं. बाईंनी संध्याकाळचं देऊळ आम्हाला उघडून दिलं. चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू.

देवळाचा कारभार पाहणारे मंडळीचे पंच पलटणीतून परतलेले हवालदार होते. ते भडकले. "आवं बाई, देवळात भूगोल?"

"तुमी देवळात घोरता त्ये चालतंय, मग पोरींनी वाचलं तर काय बिघडलं?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी देवळाला कुलूप, किल्ली हवालदारांच्या कमरेला.

बाई भांडल्या नाहीत. दर बुधवारी एकेका घरी प्रार्थना होई, आणि ज्याच्या घरी प्रार्थना त्यानं सर्वांना चहा द्यायचा, अशी रीत होती. बाईंनी सांगितलं, "हवालदारांच्या मनाला शांती न्हाई. आठवडाभर रोज त्यांच्याच घरी जमू."

लढाईचे दिवस, साखर रेशनची. तरी सारी वस्ती लोटली. दुसऱ्या दिवशी गुळाचा चहा झाला, तिसऱ्या दिवशी गूळही संपला. बाई डोळे मिटून म्हणत, "प्रभू, या घराला लय भरभरून दे." चौथ्या दिवशी हवालदारांच्या बायकोनं किल्ली बाईंच्या हातात ठेवली. "घ्या तुमचं देऊळ. डब्यात चहाची पूड ऱ्हायली न्हाई!" त्या संध्याकाळी देवळातला कंदील हवालदारांनीच लावून दिला, आणि वात मोठी करू नका म्हणून दोनदा बजावलं.

निकालाआधीच पाळकसाहेबांची म्हसवडला बदली झाली. मी पास झाले, जुलेखा गणितात राहिली. मी कळवलं. बाईंचं कार्ड आलं: "आनंद झाला. पण ती एकटी अभ्यासाला बसली तर घरचे उठवतील, लग्न लावून टाकतील. तू तिच्याजवळ बस."

मी बसले. सांगलीच्या कॉलेजात वर्षभर उशिरा गेले. जुलेखा पास झाली त्या दिवशी तिच्या आईनं वस्तीत घरोघरी शेवया वाटल्या. शेवटी एक वाटी हातात धरून आई मला विचारू लागली, "म्हसवडला ही कशी धाडायची गं?"