पंप पाठीवरून उतरला तेव्हा

झरीकडून पुसदजवळच्या या गावात वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून आलो, तेव्हा मालकानं पहिल्याच दिवशी पाठीवर फवारणीचा पंप दिला. मला फार बरं वाटलं. इकडं कपाशीत पंप गड्यांचा आणि निंदण बायांचं. असं का, हे कोणी विचारतही नाही. माझ्यासारख्या बिनमिशीच्याला पंप मिळाला म्हणजे गड्यांत नाव लागलं.

आठवीत असताना गालगुंड झाले, त्यात खाली गोट्याही सुजल्या. महिनाभर पडून होतो. शाळा सुटली ती सुटलीच, आणि मिशी पुढं आलीच नाही.

"अबे, दगडानं घासून राह्यला का तोंड?" थोरला सालदार रोज म्हणायचा. मी हसायचो. आपण हसलं की लवकर संपतं.

पण फवारा मारला की मळमळ मलाच जास्त सुटायची. तेच औषध, तसाच फडका तोंडाला. बाकीचे विडी ओढत घरी जायचे आणि मी बांधावर ओकत बसायचो, डोळ्यांपुढं सगळं धूसर. एकदा पडलोच. मालकानं मोटारसायकलवर घालून पुसदला डॉक्टरकडे नेलं. परक्या गावात एवढं कोण करतं?

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "तुझ्या अंगात पुरुषाचं हार्मोन फार कमी आहे. ते नुसतं मिशीसाठी नसतं. लोखंडाला गंज चढतो ना, तशी शरीराचीही आतून झीज चालू असते. ती रोखणारी द्रव्यं शरीर स्वतःच तयार करतं. हे हार्मोन कमी पडलं की तो बंदोबस्त ढिला होऊ शकतो. त्यात वरून हे विष. बाकीच्यांनाही ते खातंच, पण तुला आधी खाईल. इंजेक्शनं सुरू करू. पंप मात्र बंद."

बाहेर आल्यावर मी मालकाला म्हणालो, "मालक, गावात नका सांगू. चक्कर येते म्हना."

"अरे, चक्कर म्हटलं तं उद्या गडी पुन्हा पंप देतीन तुले. सांगाच लागते." तो खरंच काळजीनं बोलत होता.

सकाळी सगळे मजूर जमले, तिथंच त्यानं सांगून टाकलं, "याले पंप द्याचा नाही कोनी. याच्यात मर्दाचं कमी हाये म्हने डॉक्टर. मरून जाईन बिचारा."

थोरल्या सालदारानं माझा पंप उचलून बाजूला ठेवला आणि निंदायचा विळा माझ्यापुढं टाकला. "जाय, तुह्या बहिनी वाट पाहून राह्यल्या."

मी बायांच्या ओळीत बसलो. एरवी गडी जवळून गेला तरी त्या गप्प होतात, पदर सारखा करतात. त्या दिवशी कोणी केला नाही. नवऱ्यांच्या रात्रीच्या गोष्टी माझ्या डोक्यावरून मोठ्यानं चालू राहिल्या. एकीनं तर विचारलं, "काहून रे, तुले बी येते का मयन्याले?" सगळ्या हसल्या. मीही हसलो.

मळमळ नव्हती. डोळ्यांना लख्ख दिसत होतं. मनात मालकाचे उपकार मानत मी तण उपटत होतो, आणि दुपारची भाकर खायला गड्यांत बसायचं की यांच्यात, याचा घोर लागला होता.