छतात कोंबलेली पगडी

“अहो, छत पेटलं! पाणी आणा, पाणी!” माडीवरून आमची ही ओरडत होती, आणि मी खाली दोन मद्रासी साहेबांसमोर कॉफीचा पेला धरून पुतळा झालो होतो. ही गोष्ट मी आमच्या दौलतगंज पेठेत हजारदा सांगितली आहे. दर वेळी ज्वाळा हातभर वाढल्या. किल्ल्यावरून दिसल्या, असंही ठोकून दिलं. पण आग का लागली — ते कुणालाच सांगितलं नाही. हिलाही नाही.

संस्थान विलीन झालं, कचेऱ्या एकमेकींत मिसळल्या, कारकून उरले आणि खुर्च्या संपल्या. मी बिनखुर्चीचा. नव्या राज्याबरोबर दक्षिणेकडचे साहेब आले, त्यांना कॉफी हवी — म्हणून मी कॉफी भाजायचं दुकान काढलं. बिया भाजायचं पिंप फिरवलं की असा धूर, की पार शिंदे की छावनीत माणसं खोकायची! बरं, अर्ध्या गल्लीत.

धुराची नळी केली नन्हेलाल टीनवाल्यानं, तुपाच्या डब्यांच्या पत्र्याची. सांध्यांना कथलाचा डाग दिला नाही, तो तापला की वितळतो म्हणाला. कडा एकमेकींत दुमडून ठोकल्या. आणि छताच्या फळ्यांतून नळी जाते तिथे भोवती कुंभाराचा रुंद मातीचा नळ बसवला, मध्ये राख भरली. “भाऊसाब, लकड़ी से दूर रहेगी तो घर रहेगा.”

ऐकायला काय झालं होतं मला? पण दरबारी माणसाच्या दुकानात गटाराचा नळ? साहेब येणार त्या सकाळी तो काढून मी न्हाणीत ठेवला. भोक भलतंच मोठं दिसू लागलं. मग — सांगतो, सांगतो — ट्रंकेतून माझी दरबारी पगडी काढली. आता मुजरा करायचा कुणाला? नळीभोवती गच्च कोंबली. जरीची कड खाली ठेवून. शोभेल म्हणून!

घर वाचलं, दोन फळ्या गेल्या. हिला अजून वाटतं, पगडी उंदरांनी खाल्ली. गल्ली जमली, साहेब विचारू लागले, आणि माझ्या तोंडून निघालं — “नन्हेलालचा जोड उघडला.” तो तिथेच उभा होता. वर चढला, उतरला. मुठीत पगडीची जळकी जर. सगळ्यांसमोर माझ्या हातावर ठेवली असती तर? नाही ठेवली. खिशात टाकली आणि न्हाणीत हात धुवायला गेला.

त्यानंतर गल्लीतल्या एकाही हलवायानं त्याला भट्टीचं काम दिलं नाही. छावनीत बसून तो कंदील सांधू लागला. माझं दुकान चाललं, अजून चालतं. खोटं बोलून झोप उडाली म्हणावं, तर तीही छान लागते.

त्याच संध्याकाळी मी त्याला विचारलं होतं, नळी पुन्हा बसवशील का.

“बैठा दूँगा,” तो म्हणाला. “मिट्टीवाला नल गुसलखाने से ले आइए.”