घरी लिहिलेल्या मीटिंगा

मीटिंग न घेता मीटिंगचं प्रोसिडिंग लिहायला जे कसब लागतं, ते माझ्यात ठासून भरलंय. महाळुंगे पडवळच्या माझ्या घरी, सकाळचा चहा पिता पिता, आमच्या शेतकरी कंपनीच्या कितीतरी सभा मी एकट्याने पार पाडल्या. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. आराखड्याचा आढावा घेतला, काम समाधानकारक. ऐनवेळचे विषय, नाहीत. मग मोटरसायकल काढायची आणि संचालकांच्या दारोदार जाऊन सह्या गोळा करायच्या. सचिव ना मी!

आराखडा मात्र आम्ही खराच केला होता. कंपनी सुरू झाली तेव्हा जुन्नर-आंबेगावातले सगळे संचालक दोन दिवस मंचरच्या एका हॉलमध्ये बसलो. खाली सपाटीला टोमॅटोवाले, वर डोंगरात तळेघरकडच्या नाचणीवाल्या बाया. कुणाचा माल कधी, कुठून उचलायचा, सगळं ठरवलं. शिकवायला आलेला माणूस परत परत सांगत होता, "हे एकदा करून ठेवून द्यायचं नाही. दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी बसा, काय बदललं ते विचारा, खोडा, नवं लिहा." आम्ही माना डोलावल्या आणि आराखडा लॅमिनेट करून ऑफिसच्या भिंतीवर लावला. बोंबला! लॅमिनेशनवर खोडणार कसं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तळेघरच्या संचालक ताई तेवढ्या दर वेळी विचारायच्या, "भाऊ, मीटिंग कधी हाय?" मी म्हणायचो, "ताई, एस्टीचे हाल, एवढ्या लांबून कशाला येता? मीच येतो सही घ्यायला." केवढा मोठेपणा वाटायचा मला माझा! त्या पडवीत घोंगडी टाकायच्या, कोरा चहा द्यायच्या आणि सांगत सुटायच्या. औंदा रानडुकरांनी नाचणी लई तुडवली. वरच्या वाडीतल्या बायांची रस्त्यापर्यंत पोती आणताना दमछाक होते. माल न्यायला कंपनीची गाडी मंगळवारऐवजी बुधवारी आली तर बरं. आढावा म्हणतात तो हाच होता, आणि मी हातात हेल्मेट धरून नुसतं 'हो हो' करत होतो. एक अक्षर लिहून घेतलं नाही.

पुढे टोमॅटोचा जोर वाढला आणि गाडी खालीच पुरेना. आम्ही खालच्या चौघांनी चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या तळेघरची फेरी बंद करून टाकली. मी घरी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर', आणि वही घेऊन ताईंकडे गेलो. त्या सही करत होत्या तेव्हा ठरावावर माझा पंजा होता. चुकून नाही. मुद्दाम. त्यांनी वाचलं असतं, वाद झाला असता, आणि मला दुपारच्या आत परतायचं होतं. इतकं साधं, इतकं हलकट कारण.

नाचणीची काढणी झाली. ठरलेल्या दिवशी बाया पोती घेऊन रस्त्यावर येऊन बसल्या. ताईंचा फोन आला, "भाऊ, गाडी कुठवर आलीय?" मी म्हणालो, "बिघडलीय." पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच मंचरला आल्या आणि त्यांनी वही मागितली. ओळीवर बोट ठेवत ठेवत ठराव वाचला, आणि ते बोट त्यांच्याच सहीवर येऊन थांबलं. मला वाटलं, आता ही बाई मला शिव्या घालणार. घालायला हव्या होत्या. "सही माझीच हाय," एवढंच म्हणाल्या आणि एस्टी चुकेल म्हणून निघाल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. लाज वाटते सांगायला, पण सोडला.

आषाढात पुन्हा सही घ्यायला गेलो. तिकडे बाया एकमेकींच्या शेतात जाऊन भाताची लावणी करतात; आज तुझी, उद्या माझी. ताईंच्या खाचरात मात्र त्या आणि त्यांचे मालक, दोघंच वाकलेले. आणि शेजारच्या खाचरात पंधरा बाया.

"आज दोघंच?" मी विचारलं.

"येत न्हाई कुणी. इचारलं बायांनी, गाडी कुणी बंद केली. मी सांगितलं, माझी सही हाय."

"अहो ताई, पण तुम्ही वाचलं नव्हतं, ते सांगायचं ना!"

"का? मला वाचायला कुणी आडवलं व्हतं?"

त्या पंधरा जणी वीस पावलांवर होत्या. बांधावर जाऊन चार वाक्यं बोलायची, एवढंच काम. पण जिवावर आलं. "येतो ताई," म्हणालो आणि गाडीला किक मारली.

तीन आठवडे अन्न गोड लागलं नाही. रोज ठरवायचं आणि रोज काहीतरी निमित्त काढायचं. शेवटी एका सकाळी गेलो, बायांना देवळापुढे बोलावलं आणि सगळं ओकलो. टपरी, ठराव, पंजा, सगळं. फेरी सुरू करतो म्हणालो. यापुढे दर तीन महिन्यांनी मीटिंग इथंच, तुमच्यादेखत, असंही म्हणालो. तेवढं मी आजवर पाळलंय.

एक म्हातारी उठून ताईंजवळ गेली, तिने त्यांचा हात धरला. "आमचं चुकलं गं," म्हणाली. बाकीच्याही उठल्या. चला, आत्ताच जाऊ, हिची राहिलेली लावणी उरकून टाकू. माझे डोळे भरून आले. वाटलं, चला, उशिरा का होईना, निस्तरलं.

"रोप पिवळं पडलं गं," ताई त्यांना म्हणाल्या. "आमच्या दोघांच्यानं निम्मं बी लावून व्हईना. राह्यलेलं मागच्या आठवड्यात उपटून बैलांम्होरं टाकलं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता.

"भाऊ, हे त्या दिशीच सांगायचं व्हतं. पंधरा जणी व्हत्या शेजारी."